बांधकामाची तेजी आणि गवंड्याचा हात

अर्थसंकल्प सादर झाला, की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर शेअर बाजाराच्या निर्देशांकाचे हेलकावे दिसू लागतात आणि त्यावरून देशाच्या भवितव्याची भाकिते वर्तविली जातात. पंचतारांकित दालनांत भरणाऱ्या परिषदांतून अर्थपंडित विकासदराच्या अर्ध्या टक्क्यावरून वाद घालतात. भारतासारख्या खंडप्राय देशाच्या प्रकृतीचे निदान करावयाचे, तर त्याहून साधी आणि अधिक भरवशाची खूण उपलब्ध आहे. सिमेंटची पोती किती उठली, लोखंडी सळई किती खपली, आणि भल्या सकाळी शहराच्या नाक्यावर उभ्या राहिलेल्या मजुरांपैकी दहा वाजेपर्यंत किती जणांना काम मिळाले, हे ज्याने डोळसपणे पाहिले, त्याला अर्थव्यवस्थेची नाडी सापडली असे समजावे.

ही नाडी गेली काही वर्षे जोमाने चालते आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी अंदाजानुसार २०२४-२५ या वर्षात देशाची अर्थव्यवस्था ६.५ टक्क्यांनी वाढली, तर बांधकाम क्षेत्राची वाढ ९.४ टक्के होती. त्याच्या आदल्या वर्षीही बांधकामाने एकूण अर्थव्यवस्थेला मागे टाकले होते. सिमेंटच्या उत्पादनात भारत चीनच्या खालोखाल जगात दुसरा आहे. कच्च्या पोलादाच्या उत्पादनातही जपानला मागे सारून २०१८ पासून दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि २०२४-२५ मध्ये हे उत्पादन १५ कोटी टनांच्या पुढे गेले. या पोलादाचा मोठा वाटा कुठे जातो, हे सांगावयास नकोच. तो पुलांत, बोगद्यांत, मेट्रोच्या खांबांत आणि शहरोशहरी उठणाऱ्या टोलेजंग इमारतींत मुरतो.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर डोळ्यांसमोर घडलेले चित्र पुरेसे बोलके आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णत्वास गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरच्या अखेरीस तेथून विमाने उडू लागली. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली असून त्याचा खर्च ७६ हजार कोटी रुपयांच्या घरात आहे. देशभरात राष्ट्रीय महामार्गांची लांबी २०१४ मध्ये सुमारे ९१ हजार किलोमीटर होती, ती दशकभरात १ लाख ४६ हजारांवर गेली. एकेकाळी एक उड्डाणपूल पूर्ण व्हावयास दहा-दहा वर्षे लागत आणि तोवर त्याच्या खर्चाचा आकडा तिप्पट झालेला असे. ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या गतीचे मोल निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

ही गती आपोआप आलेली नाही. कोविडच्या तडाख्यानंतर खासगी भांडवलाने हात आखडता घेतला, तेव्हा सरकारने स्वतःच्या तिजोरीतून पायाभूत सुविधांवर खर्च करण्याचे धोरण जाणीवपूर्वक स्वीकारले. केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० मध्ये ३ लाख ३६ हजार कोटी रुपये होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ११ लाख २१ हजार कोटींची तरतूद होती. त्याला जोड म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर सव्वा टक्क्याने खाली आणून ५.२५ टक्क्यांवर ठेवला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्के झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले, तेव्हा कापड, कोळंबी आणि हिऱ्यांच्या निर्यातदारांच्या तोंडचे पाणी पळाले. परंतु अर्थव्यवस्थेचा गाडा थांबला नाही. परक्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या लहरीवर देशातील रस्त्याचे, घराचे वा धरणाचे काम अवलंबून नसते. स्वतःच्या मातीत, स्वतःच्या मालाने आणि स्वतःच्या माणसांच्या कष्टाने चालणारा हा व्यवसाय आहे, आणि म्हणूनच संकटाच्या काळात त्याचा आधार वाटतो.

तथापि बांधकामाच्या बळावर आलेली तेजी हे दुधारी शस्त्र आहे, हा जगाचा अनुभव विसरून चालणार नाही. स्पेनमध्ये २००७ साली दर आठ नोकरदारांपैकी एक जण बांधकामावर होता. फुगा फुटला आणि २०१३ पर्यंत त्या देशातील बेकारी २६ टक्क्यांवर पोहोचली. आयर्लंडने घरबांधणीच्या जोरावर मिरविलेली श्रीमंती २०१० मध्ये ८५ अब्ज युरोंच्या बाह्य मदतीच्या दारात जाऊन थांबली. अर्धवट बांधलेल्या ओस वसाहती तेवढ्या मागे उरल्या. आणि चीन? ज्या चीनचे गोडवे गाताना आपल्याकडील काही विचारवंतांची जीभ थकत नसे, त्या चीनमध्ये घरबांधणी आणि तिच्यावर अवलंबून असलेले उद्योग मिळून राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळजवळ चतुर्थांश भाग व्यापून बसले होते. स्थानिक सरकारे जमिनी विकून आपला खर्च भागवीत आणि बिल्डर ग्राहकांच्या आगाऊ पैशांतून पुढची जमीन विकत घेत. ऑगस्ट २०२० मध्ये बीजिंगने कर्जावर मर्यादा घातल्या आणि हा मनोरा हलला. ३०० अब्ज डॉलरहून अधिक देणी असलेली एव्हरग्रँड ही कंपनी २०२१ मध्ये थकबाकीदार ठरली. जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने ती दिवाळखोरीत काढण्याचा आदेश दिला. घरे न मिळालेल्या हजारो चिनी कुटुंबांनी २०२२ मध्ये कर्जाचे हप्तेच भरण्याचे नाकारले, ही गोष्ट त्या देशात किती असाधारण होती, याची कल्पना करता येते.

भारताने हा ज्वर अगदीच अनुभवलेला नाही, असे म्हणणे धाडसाचे होईल. २००८ च्या आगेमागे वीज, रस्ते आणि घरबांधणी यांसाठी बँकांनी मुक्तहस्ताने कर्जे वाटली. मार्च २०१८ मध्ये बँकांची बुडीत कर्जे एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांहून अधिक झाली, ती त्याच औदार्याची परिणती. त्याच वर्षी आयएल अँड एफएस कोसळली आणि बिगर-बँक वित्तसंस्थांकडून बिल्डरांना होणारा पैशांचा पुरवठा आटला. आम्रपाली समूहाच्या प्रकरणात सुमारे ४२ हजार ग्राहक अडकले होते. अखेर जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपुरी घरे पूर्ण करण्याचे काम सरकारी कंपनीकडे सोपविले. २०२३ मध्ये अमिताभ कांत यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बँकांच्या संघटनेने जो अंदाज ठेवला, त्यानुसार देशात ४ लाख १२ हजार घरे रखडलेली होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक दिल्लीच्या परिसरात होती. आयुष्यभराची पुंजी ओतून, वर बँकेचा हप्ता आणि भाड्याच्या घराचे भाडे असा दुहेरी भार सोसणाऱ्या या कुटुंबांची गणना कोणत्याही विकासदरात होत नाही.

मात्र येथे एक फरक आहे, आणि तो प्रांजळपणे नोंदविला पाहिजे. या आजारावर औषधयोजना झाली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन घातले, एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जमिनीत गाडण्याची जी चाल चीनला महाग पडली, तिला वेसण बसली. दिवाळखोरी संहितेने कर्जबुडव्यांच्या मानेवर हात ठेवला. रखडलेल्या घरांसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये उभारलेल्या ‘स्वामिह’ निधीतून २०२५ च्या प्रारंभापर्यंत ५० हजार घरे पूर्ण झाली. बँकांची बुडीत कर्जे मार्च २०२५ मध्ये २.३ टक्क्यांवर उतरली. रेराच्या आदेशांची वसुली अजूनही अनेक ठिकाणी कागदावरच राहते हे खरे, पण पैशांच्या बाजूने पाहता भारतीय बांधकाम क्षेत्राचा पाया दहा वर्षांपूर्वीपेक्षा निश्चितच भक्कम आहे.

मग पुढची वाट निर्वेध समजावी काय? दुर्दैवाने तसे नाही. पैसा आहे, मागणी आहे, सरकारचा संकल्प आहे. उणीव भासू लागली आहे ती माणसांची. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईच्या एका परिषदेत जाहीरपणे सांगितले, की बांधकाम मजूर कामासाठी गाव सोडावयास तयार होत नाहीत. सरकारच्या कल्याणकारी योजनांमुळे त्यांना गावातच सुखाने राहता येते, असे कारणही त्यांनी पुढे केले. देशातील सर्वांत अनुभवी बांधकाम कंपनीच्या प्रमुखाने मजुरांच्या टंचाईची कबुली द्यावी, ही बाब गंभीरच आहे. मात्र त्यांनी सांगितलेले कारण पटणारे नाही. पाच किलो धान्यासाठी कोणी हजार-दीड हजार रुपयांच्या रोजंदारीवर पाणी सोडत नसतो. माणूस गाव सोडत नाही, तेव्हा गावाचे सुख त्याला बांधून ठेवते असे क्वचितच असते. शहरात त्याच्या वाट्याला येणारे जिणे त्याला परावृत्त करते.

ते जिणे कसे असते? मुकादमाकडून उचल घेऊन घर सोडावयाचे. साइटच्या कडेला पत्र्याच्या खोलीत दहा-बारा जणांनी पाठ टेकावयाची. उन्हाळ्यात तो पत्रा तापतो आणि पावसाळ्यात खाली चिखल साचतो. नवरा सळई बांधतो, बायको घमेली उचलते, मूल खडीच्या ढिगाऱ्यावर खेळते आणि इमारत पूर्ण झाली की पुढच्या इमारतीकडे जाते. त्याच्या शाळेचे नाव कोणत्याच हजेरीपटावर दोन वर्षे टिकत नाही. मालक बिल्डर असतो, बिल्डरचा ठेकेदार असतो, ठेकेदाराचा पोटठेकेदार, त्याचा मुकादम. मजुरी बुडाली वा परांचीवरून पाय घसरला, तर या साखळीतील प्रत्येक कडी आपल्या खालच्या कडीकडे बोट दाखविते. हैदराबाद-पुणे-मुंबईच्या चकचकीत जाहिरातींत इमारतीच्या छतावरचा तरणतलाव दिसतो, पण तो बांधणाऱ्याला आंघोळीसाठी टँकरची वाट पाहावी लागते. या उपहासात अतिशयोक्ती नाही. कोणत्याही साइटवर डोकावून त्याची खातरजमा करता येईल.

या माणसांची संख्या नगण्य नाही. १९९९-२००० मध्ये देशातील एकूण श्रमिकांपैकी चार टक्क्यांच्या आसपास लोक बांधकामावर होते. २०११-१२ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले आणि २०२३-२४ मध्ये ते १२ टक्क्यांवर पोहोचले. या सर्व काळात कारखानदारीचा वाटा अकरा-बारा टक्क्यांच्या घरातच रेंगाळत राहिला. याचा अर्थ स्पष्ट आहे. शेतीतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला कारखान्याचे दार उघडले नाही, तेव्हा त्याने बांधकामाचा रस्ता धरला. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा पुण्याच्या मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि मालदा वा मुर्शिदाबादचा तरुण मुंबईत प्लास्टर मारतो, ते याच कारणाने. बांधकाम हे बेकारीवरचे देशातील सर्वांत मोठे, आणि बहुतांशी कोणत्याही योजनेविना उभे राहिलेले उत्तर आहे. २०२० नंतर यातील अनेकांची पावले पुन्हा शेतीकडे वळली. २०१८-१९ मध्ये शेतीवर ४२.५ टक्के श्रमिक होते, २०२३-२४ मध्ये ४६ टक्के झाले. विकासाच्या वाटेवरील देशाने मागे टाकलेले हे पाऊल आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी झालेली नाही.

त्यात कौशल्याचा प्रश्न अधिकच बिकट आहे. नाइट फ्रँक आणि आरआयसीएस या संस्थांच्या २०२३ मधील अहवालाने बांधकामावरील मनुष्यबळ ७ कोटींहून अधिक धरले आणि त्यांतील ८० टक्के अकुशल असल्याचे नमूद केले. या देशाला गवंडीकाम परके नाही. वेरूळचे कैलास लेणे कोरणाऱ्यांच्या, रायगड-सिंधुदुर्गाचे तट रचणाऱ्यांच्या परंपरेचा हा देश आहे. महाराष्ट्रात पाथरवट, वडार, बेलदार या समाजांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या जपली. दगडावर कान ठेवून त्याची शीर कोणत्या बाजूस आहे हे ओळखणारी, ओळंबा धरून डोळ्यांच्या अंदाजाने भिंत सरळ आणणारी माणसे त्यांत होती. मुलगा बापाच्या हाताखाली बिगारी म्हणून लागे, चार वर्षांनी थापी हाती घेई, आणि आणखी काही वर्षांनी त्याला मिस्त्री ही उपाधी मिळे. ती साखळी तुटली. ठेकेदाराला आज माणूस हवा असतो, शिकाऊ नको असतो; आणि मिस्त्रीच्या मुलालाही बापाचे हाल पाहून त्या वाटेला जावेसे वाटत नाही. अॅल्युमिनिअमच्या साच्यांत आठ-दहा दिवसांत एक मजला उभा करणारे तंत्र आल्याने गवंड्याची गरजच संपेल, असे म्हणणारे आहेत. ते अर्धसत्य आहे. साचा चुकीच्या मापात बसला, सळईवरचे सिमेंटचे आवरण कमी पडले, काँक्रीटला पुरेसे पाणी मारले गेले नाही, तर यंत्राने बांधलेली भिंतही दहा वर्षांत गळू लागते. यंत्र आले की कौशल्य नाहीसे होत नाही. ते बदलते, आणि अधिक काटेकोर होते.

कौशल्याला मोल असते, ते कसे, हे परक्यांनी दाखवून दिले. मे २०२३ मध्ये इस्रायलशी ४२ हजार भारतीय कामगार पाठविण्याचा करार झाला आणि त्यांतील ३४ हजार बांधकामासाठी होते. त्यापुढे युद्धामुळे ती निकड वाढली. हरयाणा आणि उत्तर प्रदेशात भरती केंद्रे लागली. सळई बांधणे, फरशी बसविणे, प्लास्टर करणे या कामांच्या प्रत्यक्ष परीक्षा झाल्या. महिना सुमारे १ लाख ३७ हजार रुपये वेतनासाठी तरुणांच्या रांगा लागल्या. समोर युद्धाचा वणवा दिसत असताना या मुलांनी रांगेत उभे राहणे पसंत केले. तेच काम मायदेशात केल्यास त्याच्या पाचव्या हिश्शाइतके वेतनही हाती पडण्याची शाश्वती नाही, हे त्यांना ठाऊक होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकून पडले होते. परदेशी बनावटीचे अवजड यंत्र ढिगाऱ्यातील लोखंडात अडकून मोडले, तेव्हा अखेरचे दहा-बारा मीटर अंतर हाताने कोरून काढले ते बिळासारखे खणणाऱ्या बारा मजुरांनी. दिवसाची रोजंदारी कमावणाऱ्या या माणसांकडे असलेली कला त्या क्षणी राष्ट्राची लाज राखून गेली. सर्व देशाने टाळ्या वाजविल्या, आणि ते योग्यच झाले. पण त्याच वर्षी १ ऑगस्टच्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ सरळांबे येथे गर्डर बसविणारे यंत्र कोसळून २० जण ठार झाले होते. दिवस उजाडण्यापूर्वी चिरडल्या गेलेल्या त्या माणसांच्या गावांची नावे आज किती जणांना आठवतील? महामार्गाच्या उद्घाटनाच्या फलकावर तर ती नाहीत.

आता हे सारे दुःख पैशांअभावी निर्माण झाले आहे, असे कोणी म्हणेल, तर ते साफ खोटे आहे. आणि या विषयातील सर्वांत संतापजनक भाग हाच आहे. १९९६ मध्ये संसदेने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला आणि प्रत्येक बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसविला. हा पैसा सरकारी अनुदानाचा नाही की कोणाच्या दयेचा नाही. पूल बांधला, कारखाना बांधला, टॉवर बांधला, की त्याच्या खर्चातून तो आपोआप बाजूला निघतो. तो गोळा व्हावा आणि कामगाराच्या आजारपणात, त्याच्या मुलांच्या शिक्षणात, अपघातात, म्हातारपणात उपयोगी पडावा, अशी ही सरळ योजना. परंतु राज्यांनी मंडळे स्थापन करण्यातच वर्षानुवर्षे घालविली. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्रात हे मंडळ प्रत्यक्षात आले ते १ मे २०११ रोजी, म्हणजे कायद्यानंतर पंधरा वर्षांनी! सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये या प्रकरणी निकाल देताना जे आकडे नोंदविले, ते वाचून मान खाली जाते. तोवर ३७,४०० कोटी रुपये गोळा झाले होते आणि त्यांतील खर्च झाले होते जेमतेम साडेनऊ हजार कोटी. कामगारांच्या नावाने लॅपटॉप आणि धुलाई यंत्रे खरेदी झाल्याचे त्याआधीच महालेखापालांच्या पाहणीतून न्यायालयापुढे आले होते. परातीतून सिमेंट वाहणाऱ्या बाईला धुलाई यंत्र! ज्याने ही खरेदी मंजूर केली, त्याने तिची खोली आयुष्यात एकदाही पाहिलेली नसावी.

दोन वर्षांनी टाळेबंदी लागली. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने राज्यांना याच निधीतून कामगारांना साहाय्य करण्यास सांगितले, तेव्हा त्यात ३१ हजार कोटी रुपये पडून होते आणि नोंदणी होती साडेतीन कोटी कामगारांची. ज्यांची नोंद होती, त्यांतील अनेकांच्या खात्यात थोडीबहुत रक्कम जमाही झाली. पण नोंद नसलेले कोट्यवधी? ते डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन महामार्गावरून चालत निघाले, त्याच महामार्गांवरून, ज्यांवर डांबर टाकताना त्यांचे तळवे भाजले होते. आणि हा अनुभव गाठीशी असूनही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीतील प्रदूषणामुळे बांधकामे बंद ठेवावी लागली, तेव्हा नोंदणीकृत ९० हजार कामगारांना प्रत्येकी आठ हजार रुपयांऐवजी आधी दोन हजारच मिळाले. उरलेले सहा हजार देण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला दिल्लीच्या प्रशासनाचे कान उपटावे लागले.

घोडे अडते ते नोंदणीपाशी. मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असावा, अशी अट आहे. अट गैर नाही. पण नाक्यावरचा मजूर आज एकाकडे स्लॅब टाकतो, उद्या दुसऱ्याकडे माती उपसतो आणि परवा रिकामा बसतो. त्याला ९० दिवसांचा दाखला कोणता मालक देणार? जो ठेकेदार त्याची मजुरी वहीत लिहीत नाही, तो दाखल्यावर सही करून स्वतःच्या गळ्यात कायद्याचा फास कशाला अडकवून घेईल? परिणामी या व्यवहारात दलाल शिरतात. ज्याने आयुष्यात थापी धरली नाही, त्याचे नाव यादीत झळकते आणि ज्याच्या तळहाताला सिमेंटने भेगा पडल्या आहेत, तो बाहेर राहतो. महाराष्ट्रात अलीकडे भांड्यांच्या संचांचे वाटप मोठ्या प्रमाणावर झाले. गरिबाच्या घरात भांडी गेली, याचे कोणाला वाईट वाटण्याचे कारण नाही. परंतु ज्या निधीतून कामगाराच्या पोराला आयटीआयमध्ये धाडता आले असते, परांचीवर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा बांधता आला असता, त्याचे रूपांतर वाटपाच्या मेळाव्यात होणे, हे त्या कायद्याच्या हेतूशी प्रामाणिक नाही.

याहून निराळे काही घडू शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंद मंडळाकडे केली. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने ती हमालाला द्यावयाची, सोबत भविष्यनिर्वाह निधी व औषधपाण्याची तजवीज. मालक अनेक असले तरी कामगाराचे खाते एकच. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांनी हा हक्क मिळविला. पुढे या व्यवस्थेत गुंडगिरी शिरली, खंडण्यांच्या तक्रारी झाल्या, हे नाकारता येत नाही. मात्र मूळ कल्पना अस्सल या मातीतली होती आणि ती चालली. ज्या माणसाला कायमचा मालक नाही, त्याच्या हक्कांचा जामीन मंडळाने राहावे, ही ती कल्पना. हमालाच्या बाबतीत साडेपाच दशकांपूर्वी जे साधले, ते मोबाइल आणि आधार हाताशी असताना गवंड्याच्या बाबतीत साधू नये, याला तांत्रिक कारण उरलेले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. बांधकाम उपकराची तरतूद त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली गेली आहे. डावे पक्ष आणि त्यांच्या संघटना या संहितांना सरसकट मालकधार्जिण्या म्हणतात, ते नेहमीप्रमाणे. नियुक्तिपत्र देण्याचे बंधन आणि असंघटितांना सामाजिक सुरक्षेच्या कक्षेत आणणे या गोष्टी कामगाराच्या हिताच्या नाहीत, असे कोणता शहाणा म्हणेल? मात्र संहितेचे समर्थन करणाऱ्यांनीही एवढे लक्षात ठेवावे, की १९९६ चा कायदाही कागदावर उत्तमच होता. तो मारला तो अंमलबजावणीने. आणि कामगार हा विषय केंद्र व राज्ये या दोघांच्याही अखत्यारीत येत असल्याने उत्तरदायित्व टोलविण्याची सोय दोघांनाही आहे.

कामगार राज्याची सीमा ओलांडतो तेव्हा त्याचे खाते त्याच्यासोबत गेले पाहिजे, ही सर्वांत तातडीची गरज आहे. झारखंडात नोंदलेला मजूर ठाण्यात पडून जखमी झाला, तर कोणत्या मंडळाने पैसे द्यावयाचे, या प्रश्नावर रुग्णालयाच्या दारात खल होणे लांच्छनास्पद आहे. शिधापत्रिका देशभर चालू शकते, तर ही नोंदही चालू शकते. दुसरी गोष्ट खुद्द सरकारच्या हातातील आहे. पायाभूत सुविधांवर दरवर्षी ११-१२ लाख कोटी रुपये खर्च करणारे सरकार हे या देशातील बांधकामाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. निविदेत सिमेंटची प्रत, सळईचा व्यास आणि डांबराची जाडी लिहिता येते, तशी साइटवर किती शिकाऊ कामगार असावेत, त्यांना कोणत्या दर्जाची राहण्याची जागा मिळावी आणि त्यांची मजुरी थेट बँकेत जावी, या अटीही लिहिता येतील. ज्या कंपनीला माणसे मिळत नाहीत अशी तक्रार आहे, तिच्याही हे पथ्यावर पडेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा जयंतीच्या मुहूर्तावर केंद्राने पारंपरिक कारागिरांसाठी योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत गवंड्याचा समावेश आहे. प्रशिक्षण, १५ हजार रुपयांची अवजारे आणि पाच टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज अशी ही आखणी स्वागतार्ह आहे. तरीही अवजारांच्या पेटीने एक प्रश्न सुटत नाही. उत्तम गवंड्याला साधारण गवंड्यापेक्षा किती अधिक मजुरी मिळावी, हे ठरविणारी कोणतीही व्यवस्था आज नाही. प्रमाणपत्र हाती असलेला आणि नसलेला दोघेही नाक्यावर एकाच दराने उभे राहतात, आणि तो दर मुकादम ठरवितो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत प्रमाणित कारागिराचा स्वतंत्र आणि वरचा दर लिहिला गेला, तर तो हळूहळू खासगी बाजारातही उतरेल. ही दरसूची नव्याने छापली जाते, तेव्हा खडी, वाळू आणि सिमेंटचे भाव त्यात काटेकोरपणे सुधारलेले असतात.